क्रोन्समधलं भगंदर: भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाची केस

पेशंट २३ वर्षांचा मुलगा, गाव माण तालुक्यात, पुण्यात कॉट बेसिसवर राहून पोलीस भरतीची तयारी करत होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, बाकी केस आहे तशीच आहे. क्रोन्स म्हणजे आतड्यात सूज आणि अल्सर आणणारा दीर्घकाळचा आजार, आणि भगंदर (फिस्टुला) म्हणजे गुदद्वाराच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत झालेला पुवाचा मार्ग. तक्रार एका ओळीत सांगायची तर शौचाच्या जागेजवळून पू येतो, तीन ठिकाणांहून येतो, आणि दोन ऑपरेशनं, क्षारसूत्र (आयुर्वेदातला औषध लावलेला दोरा) आणि सहा महिने टीबीची औषधं एवढं सगळं करूनही थांबत नाही. वडील सोबत होते, ते खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "सायेब, काय असंल ते एकदाच कापून टाका, पोराचं ग्राउंड जवळ आलंय." त्यांचं काही चूक नव्हतं, दीड वर्ष मुलाला कण्हताना बघितलेल्या बापाने दुसरं काय म्हणायचं. पण मला ही केस लिहावीशी वाटली ती या "एकदाच कापून टाका"साठीच, कारण क्रोन्सच्या भगंदरात सगळ्यांनाच घाई असते, पेशंटला, घरच्यांना, डॉक्टरांनाही, आणि त्या घाईची किंमत शौच रोखून धरणाऱ्या स्नायूला मोजावी लागते, आणि तो स्नायू एकदा गेला की परत आणता येत नाही.

आधीचा इतिहास असा. सुरुवातीला गळू झालं, तालुक्याच्या गावी फोडलं, बरं वाटलं. तीन-चार महिन्यांत तिथेच परत. मग फिस्टुला म्हणून मार्ग उघडून ऑपरेशन झालं, ती जखम महिनोनमहिने भरलीच नाही. मग कोणीतरी सांगितलं म्हणून क्षारसूत्र, तो मार्ग सुटला पण शेजारी नवीन तोंड फुटलं. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी तुकडा तपासायला पाठवला, त्यात ग्रॅन्युलोमा (सुजेतल्या पेशींची बारीक गाठ) आला, आपल्याकडे ग्रॅन्युलोमा दिसला की पहिला संशय टीबीचा, तो घेणं बरोबरच आहे, पण जीनएक्स्पर्ट (टीबीच्या जंतूची तपासणी) निगेटिव्ह होतं, केसिएशन (टीबीच्या गाठीत दिसणारा मेलेला भाग) नव्हतं, आणि मुख्य म्हणजे पोटाकडे कोणी बघितलंच नव्हतं. मुलाला दिवसातून चार वेळा पातळ व्हायचं, वजन ५७ वरून ४८ किलोवर आलं होतं, तोंड सारखं यायचं. तो स्वतः म्हणाला, "सर, मेसचं जेवण आहे, सगळ्यांचंच पोट बिघडतं." त्यामुळे त्याने कुठल्याच डॉक्टरला ते सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

विचारायला हवं होतं. भगंदर घेऊन आलेल्या तरुण पेशंटला पाच प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात: जुलाब किती, रात्री उठावं लागतं का, वजन, तोंड येणं, सांधे. क्रोन्सच्या पेशंटपैकी वीसएक वर्षांच्या काळात साधारण चारातल्या एकाला गुदद्वाराजवळ भगंदर होतं, आणि काहींना तर आतड्याची तक्रार सुरू व्हायच्या आधीच होतं. म्हणजे सर्जनच्या ओपीडीत आलेलं दोनदा-तीनदा उलटलेलं भगंदर हाच आजाराचा पहिला पत्ता असू शकतो.

तपासताना काय दिसलं ते नीट लिहितो, कारण नुसत्या डोळ्यांनीच निम्मं निदान होण्यासारखं होतं. तीन तोंडं, पेशंट उताणा असताना घड्याळाच्या ५, ७ आणि ११ वर. फिशर (गुदद्वाराची चीर) होती पण मधल्या रेषेत नव्हती, बाजूला होती, खोल होती आणि हात लावला तरी त्याला फारसं दुखत नव्हतं, साध्या फिशरचा पेशंट असा हात लावू देत नाही. आणि एक मोठा, सुजलेला, जांभळट कातडीचा लोंबता भाग, ज्याला आधीच्या कागदांवर "एक्सटर्नल पाइल्स, काढून टाकावे" असं लिहिलं होतं. क्रोन्समधला असा टॅग काढू नये, ती जखम भरत नाही आणि एका त्रासाचे दोन होतात. सुदैवाने तो काढायचा राहून गेला होता.

रक्तात हिमोग्लोबिन ९.२, अल्ब्युमिन ३.१, सीआरपी ४८, म्हणजे रक्त आणि प्रथिनं कमी, सूज जास्त. शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याच्या सुजेची खूण, हजाराच्या वर. कोलोनोस्कोपीत लहान आतड्याच्या शेवटच्या भागात लांबट अल्सर, मधलं मोठं आतडं बरंचसं स्वच्छ, आणि रेक्टममध्ये (गुदाशयात) परत खोल अल्सर. सहा महिने टीबीची औषधं पूर्ण घेऊनही अल्सर असे जिवंत, हा सुद्धा एक पुरावाच धरायचा असतो. टीबी आणि क्रोन्स हे दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली कधीकधी वेगळे करता येत नाहीत, आणि टीबीच्या औषधांवर क्रोन्सच्या पेशंटलाही थोडं बरं वाटू शकतं, म्हणून नुसतं "बरं वाटतंय" यावर जायचं नाही, औषधं सुरू केल्यावर दोनेक महिन्यांत परत दुर्बीण घालून अल्सर भरतायत का ते बघायचं. इथे ते झालं असतं तर चार महिने वाचले असते.

रेक्टममधले अल्सर हीच या केसमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. भगंदर खाली दिसतं म्हणून सगळं लक्ष खाली जातं, पण मार्गाचं आतलं तोंड ज्या रेक्टममध्ये आहे ते जळतं असेल तर खाली कितीही कलाकुसरीचं ऑपरेशन करा, जखम भरणार नाही. रेक्टम शांत असेल, मार्ग साधा आणि खालचा असेल तर क्रोन्समध्येही मार्ग उघडून टाकणं चालतं. इथे दोन्ही नव्हतं.

एमआरआय केला, साधा पेल्व्हिसचा नाही, फिस्टुलासाठीचा, हे रिक्वेस्टवर स्पष्ट लिहावं लागतं. रिपोर्ट आला की मार्ग दोन्ही स्नायूंना भेदून जातो, मागच्या बाजूने घोड्याच्या नालेसारखा डावी-उजवी पसरलाय म्हणून ५ आणि ७ ची तोंडं एकाच मार्गाची आहेत, ११ चा मार्ग वेगळा आणि छोटा आहे, आणि डाव्या बाजूला साधारण ३ सेंमीचा पू साठलाय. हा साठलेला पू बाहेरून कळत नव्हता. सुश्रुताने भगंदराचे जे प्रकार सांगितलेत त्यात अनेक तोंडांचा शतपोनक आहे, शंखाच्या वेढ्यांसारखा वळत जाणारा शंबूकावर्त आहे, एमआरआय नसताना माणसांनी हे किती बारकाईने बघितलं असेल याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

क्षारसूत्राबद्दलही इथेच बोलून घेतो, कारण आपल्याकडे हा प्रश्न प्रत्येक दुसरा पेशंट विचारतो. साध्या, गुदग्रंथीच्या इन्फेक्शनमधून होणाऱ्या भगंदरात क्षारसूत्राला अभ्यासाचा आधार चांगला आहे, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) १९९१ ची अनेक केंद्रांवरची चाचणी आहे, तीत जखम भरायला वेळ जास्त लागला, पण परत होण्याचं प्रमाण ऑपरेशनच्या ११ टक्क्यांसमोर ४ टक्के होतं. पण ती चाचणी क्रोन्सच्या भगंदराची नव्हती. क्षारसूत्र हळूहळू कापत जातं, ते त्याचं कामच आहे, आणि क्रोन्समध्ये नेमकं कापणंच टाळायचं असतं. त्यामुळे वैद्य असो की सर्जन, दोरा बांधायच्या आधी हे भगंदर कशामुळे झालंय ते कळलं पाहिजे.

आता क्रम. मी पोटविकाराचा, ऑपरेशनचं काम आमच्या कोलोरेक्टल सर्जन मॅडमचं. या मुलाला आम्ही दोघांनी एकाच खोलीत बसून बघितलं, आणि मला वाटतं पुढचं जे काही बरं झालं त्याचं निम्मं श्रेय त्या बसण्याला आहे. नाहीतर होतं काय, मी बायोलॉजिक (प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन) लिहून देतो आणि आत पू साठलेला असतो, किंवा सर्जन मार्ग कापतात आणि वरचं आतडं कोणी बघितलेलं नसतं, आणि पेशंट फाईल घेऊन एका लिफ्टमधून दुसऱ्या लिफ्टमध्ये फिरत राहतो. पू साठलेला असताना असं इंजेक्शन दिलं तर सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरणारा जंतुसंसर्ग, होऊ शकतो. म्हणून पहिलं काम पू काढणं. मॅडम वडलांना म्हणाल्या, "दादा, मी आज काहीच बंद करणार नाहीये, फक्त पू बाहेर यायला वाट करून देणार आहे." वडलांना ते पटायला वेळ लागला. ऑपरेशन म्हटल्यावर भोक बंद होणार अशी त्यांची समजूत, आणि इथे डॉक्टर सांगतायत की ते मुद्दाम उघडं ठेवणार.

भूल देऊन तपासणी झाली, पू काढला, मार्गाच्या भिंतीचे तुकडे घेतले (जुनाट भगंदरात क्वचित कॅन्सर होतो, म्हणून ही संधी सोडायची नाही), आणि दोन सैल सीटन घातले. सीटन म्हणजे सिलिकॉनची मऊ दोरी, मार्गातून ओवून बाहेर सैल गाठ मारलेली. सैल हा शब्द महत्त्वाचा. मोरीचं तोंड मोकळं ठेवावं तसं ती मार्ग मोकळा ठेवते, म्हणजे वरून त्वचा मिटून आत परत गळू होत नाही. घट्ट बांधली की तीच दोरी स्नायू कापायला लागते.

अँटिबायोटिक काही आठवडे, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडाझोल. याने पू कमी होतो, भगंदर बरं होत नाही, बंद केलं की बहुतेकांचं परत सुरू होतं, हे आधीच सांगून ठेवलं. आणि दोन सूचना, मेट्रोनिडाझोल लांबलं तर हातापायाला मुंग्या येतात, त्या आल्या की लगेच कळवायचं, आणि सिप्रोने टाचेचा स्नायुबंध दुखावू शकतो म्हणून तेवढे दिवस पळायचं नाही. हे ऐकून तो पोरगा पहिल्यांदा रडला. पू, पॅड, ऑपरेशन या कशावर नाही, पळायचं नाही यावर रडला.

इथे त्याच्या राहण्याबद्दल सांगायला पाहिजे, कारण उपचार शेवटी तिथे होतात, हॉस्पिटलमध्ये नाही. एका खोलीत सहा मुलं, एकच संडास, भारतीय पद्धतीचा, पहाटे ग्राउंडला जायच्या आधी बाहेर रांग. आपण सहज लिहून देतो, दिवसातून तीनदा कोमट पाण्यात बसा. कुठे बसणार? कमोडवर ठेवायचा टब त्याला उपयोगाचा नव्हता, आणि पाणी तापवायला हीटर लावला की खोलीमालकीण वीजबिलावरून बोलायची. शेवटी आमच्या सिस्टरनी त्याला साधी युक्ती दिली, एक प्लॅस्टिकची बाटली, झाकणाला भोकं पाडलेली, शौचानंतर कोमट नाहीतर साध्या स्वच्छ पाण्याने धार सोडून धुवायचं, टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. पू टिपायला तो सॅनिटरी पॅड वापरायचा, ते सुद्धा स्वतःच्या गल्लीतल्या मेडिकलमधून नाही, लांबच्या दुकानातून "बहिणीसाठी" म्हणून आणायचा. रूममेटना मूळव्याध सांगितलं होतं, आईला तेवढंही नाही. पेशंट आपल्याला जे सांगत नाहीत त्यातलं बरंचसं असल्या लाजेपोटी सांगत नाहीत, आणि आपण विचारताना आवाज खाली आणला तर त्यांना वाटतं ही गोष्ट खरंच लाजेची आहे. मी आता सरळ नेहमीच्या आवाजात विचारतो, पॅड किती लागतात, कपडे खराब होतात का, गॅस अडवता येतो का. गॅस अडवता येत होता, म्हणजे स्नायू अजून शाबूत होता, आणि तो तसाच ठेवायचा होता.

मग इन्फ्लिक्सिमॅब, हेच ते बायोलॉजिक. क्रोन्सच्या भगंदरात सगळ्यात जास्त आधार याच औषधाला आहे. १९९९ च्या चाचणीत किलोला ५ मिग्रॅ डोस घेणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांची सगळी तोंडं बंद झाली, नुसतं सलाईन घेणाऱ्यांत १३ टक्क्यांची. पण २००४ चा पुढचा अभ्यास सांगतो की सुरुवातीला गुण आलेल्यांतही वर्षभर औषध चालू ठेवून पूर्ण कोरडे राहिले ते ३६ टक्के. हे दोन्ही आकडे मी पेशंटला सांगतो. पहिलाच सांगितला तर ती फसवणूक होते.

सुरू करायच्या आधी छातीचा सीटी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी. टीबीची रक्ततपासणी आधी उपचार झालेल्यात फार काही सांगत नाही, म्हणून सीटी आणि पुढे लक्ष ठेवणं यावर भर. जोडीला अ‍ॅझाथायोप्रिन, हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध, ते द्यायच्या आधी एनयूडीटी१५ जनुक बघून घेतला, आशियाई लोकांत या जनुकातला बदल जास्त सापडतो आणि असा बदल असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी धाडकन खाली येतात. तरुण मुलांत ही दोन औषधं एकत्र फार काळ चालवायला मी कचरतो, क्वचित पण वाईट असा लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) नोंदवला गेलाय, म्हणून सुरुवातीला द्यायचं आणि जमेल तेव्हा थांबवायचं असं ठरवलं.

वजन ४८ किलो म्हणजे हिशोबाने २४० मिग्रॅ. व्हायल १०० मिग्रॅची. तीन फोडल्या तर साठ वाया घालवायचे कशाला, आम्ही ३०० दिले, भगंदरात औषधाची रक्तातली पातळी जास्त असलेली बरीच असते. पहिला डोस, दोन आठवड्यांनी दुसरा. पू निम्म्याने कमी, पॅड दिवसाला चारवरून एकावर, शौचाला दोनदा. सहाव्या आठवड्याचा डोस मात्र चुकला. डाळिंबाचे पैसे यायचे होते, इन्शुरन्स नव्हता, बायोसिमिलर (दुसऱ्या कंपनीचं तसंच, स्वस्त औषध) घेऊनही तीन व्हायलचं बिल पाच आकडी. वडलांनी लाजेने फोनच केला नाही, आणि डोस दहाव्या आठवड्यात झाला. हे असं अडखळत दिलेलं इन्फ्लिक्सिमॅब धोक्याचं असतं, शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, पुढे औषध लागू पडत नाही नाहीतर सलाईन चालू असतानाच रिअ‍ॅक्शन येते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या तीन डोसांचे पैसे हातात किंवा नक्की असल्याशिवाय पहिला डोस सुरू करू नये, तोपर्यंत सीटन आणि अँटिबायोटिकवर पेशंट थांबू शकतो. ज्यांचा इन्शुरन्स आहे त्यांनी पॉलिसी काढून वाचावी, आयआरडीएआय या विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत मोनोक्लोनल अँटिबॉडीचं इंजेक्शन आधुनिक उपचारांच्या यादीत आहे, तरी मर्यादा किती ते पॉलिसीगणिक बदलतं.

पुढच्या डोसच्या आधी औषधाची रक्तातली पातळी तपासली, ती ३ च्या आसपास निघाली, भगंदर भरायला साधारण १० च्या वर असलेली बरी असं अभ्यास सांगतात. कारणं दोन, उशीर झालेला डोस आणि कमी अल्ब्युमिन, अल्ब्युमिन कमी असलं की औषध शरीरातून लवकर निघून जातं. आठ आठवड्यांचं अंतर सहावर आणलं, आणि खाण्याकडे लक्ष दिलं, रोज अंडी, दूध पचत होतं म्हणून दूध, आयर्न शिरेतून. घरच्यांनी त्याला महिनाभर नुसत्या मऊ भातावर ठेवलं होतं, ते पहिलं बंद करायला लावलं.

याच काळात कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेम सेलची जाहिरात पाठवली. वडील विचारायला आले, जमीन विकू का म्हणाले. क्रोन्सच्या भगंदरासाठी एक स्टेम सेल उपचार युरोपात २०१८ मध्ये मंजूर झाला होता हे खरं, पण २०२३ मध्ये त्याची मोठी चाचणी अपेक्षित निकाल दाखवू शकली नाही आणि कंपनीने तो २०२४ च्या शेवटी तिथल्या बाजारातून मागे घेतला. मी त्यांना एवढंच म्हणालो, जमीन विकू नका, त्यातले थोडे पैसे जरी हाताशी असले तरी पुढचा डोस वेळेवर होईल.

सीटन कधी काढायचे यावर मात्र आमच्यातच एकमत नव्हतं. लवकर काढले तर वरून मिटून आत पू, ठेवलेच तर मार्ग बंदच होणार नाही. नेदरलँड्समधल्या पिसा चाचणीत नुसत्या सीटनवर वर्षभर ठेवलेल्यांना पुन्हा ऑपरेशनं जास्त लागली, म्हणजे सीटन हा शेवटचा मुक्काम नाही. आम्ही तारखेवर न जाता तीन गोष्टींवर गेलो: पू नाही, रेक्टममधले अल्सर भरलेत, एमआरआयवर साठा नाही. ११ चा छोटा मार्ग तिन्हीत बसला, तो सीटन काढला आणि तो मिटला. मागचा नालेसारखा मार्ग बारीक झाला होता पण एमआरआयवर अजून चमकत होता, तो सीटन ठेवला. बाहेरून मात्र कोरडा दिसत होता, आणि इथेच पेशंट आणि डॉक्टरचं "बरं" वेगवेगळं होतं. त्याच्या दृष्टीने पॅड सुटलं म्हणजे बरा झाला. माझ्या दृष्टीने आतला मार्ग जिवंत आहे तोवर इन्फ्लिक्सिमॅब सुटणार नाही.

त्या वर्षीचं ग्राउंड हुकलं. त्याने ते मनाला फार लावून घेतलं, मध्ये दोन महिने फोन उचलत नव्हता, शेवटी सिस्टरनी त्याच्याशी बोलून त्याला परत आणलं. स्टोमाचं बोलणं आम्ही मुद्दाम त्यानंतर, तब्येत सुधारत असताना केलं, की काहीच जमलं नाही तर पोटावर तात्पुरती पिशवी हा एक रस्ता असतो, त्याने आराम पडतो पण तात्पुरती म्हणून केलेली पिशवी बऱ्याच जणांची कायमची राहते. संकटात असताना पहिल्यांदा हे ऐकलं तर माणूस कोसळतो, म्हणून तशी वेळ यायच्या आधीच.

वर्षाच्या शेवटी वजन परत ५७, हिमोग्लोबिन १२.८, रेक्टम स्वच्छ, लहान आतड्यात दोन-चार बारीक व्रण. सैल सीटन असतानाच तो पळायला लागला, त्याने काही बिघडत नाही, घासू नये म्हणून गाठ आतल्या बाजूला वळवून घ्यायची आणि पळून आलं की लगेच धुवायचं, एवढंच. आता रेक्टम शांत असल्यामुळे मागच्या मार्गाचं आतलं तोंड बंद करायचं ऑपरेशन शक्य झालंय, स्नायू न कापता, आतल्या अस्तराची झडप सरकवून. पिसा-२ चाचणीत असं ऑपरेशन आणि सोबत थोडे महिने औषध घेणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांचा मार्ग १८ महिन्यांनी एमआरआयवर भरून आलेला होता, नुसत्या औषधावर ९ टक्क्यांचा. ३२ हा आकडा मोठा नाही, तोही आम्ही त्याला तसाच सांगितला. त्याने वडलांकडे बघितलं, मग मॅडमना विचारलं की लेखी परीक्षा झाल्यावर केलं तर चालेल का. मॅडम म्हणाल्या चालेल. तारीख परीक्षेनंतरची दिलीय, ऑपरेशनच्या आधी एमआरआय परत होईल, अ‍ॅझाथायोप्रिन बंद केलंय, आणि इन्फ्लिक्सिमॅब दर सहा आठवड्यांनी चालू आहे.